घराचं नाक

आमच्या घरात वास यायचा तो एकट्या मनूला. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरंच तसं हुतं. आम्ही गलाईवाली माणसं. म्हंजे जुने दागिने ॲसिडात घालायचे, भट्टीत वितळवायचे, आन् त्यातनं चोख सोनं काढून द्यायचं. आमच्या विटा-खानापूरकडची निम्मी घरं ह्याच कामापायी कुठं कुठं लांब गेलीत, तशी आमची चेन्नईला आलेली. साहुकारपेटच्या एका बोळात खाली बापूशेठचं दुकान, ते बी आमच्याच तालुक्यातले, आन् ह्यांचे मालक. वरच्या मजल्यावर आमची एक खोली, तिच्यावर गच्ची. खाली दिवसभर भट्टी घोंघावायची, धूर ओढून बाहेर टाकणारा मोठा पंखा भिंतीत फिरायचा, त्यानं आमच्या मांडणीवरची भांडी सारखी किणकिणत असायची. लग्न होऊन आले तवा मला वाटायचं ह्या आवाजानं डोकं फुटंल. मंग सवय झाली ती इतकी, की पंखा थांबला तरच दचकायला व्हायचं.

माझे सासरे, तात्या, त्यांनी सगळी उमर ॲसिडाच्या धुरात घालवली. त्यांच्या काळात पंखा बी नव्हता, तोंडाला फडकं बांधायचं आन् वाकायचं. नाक कधीच मेलेलं, आन् छाती अर्धीच राहिलेली. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरून ह्यांना दाखवला हुता, म्हणला हितनं हितपर्यंत काय उरलं न्हाई, म्हाताऱ्याला साधं पडसं बी झेपायचं न्हाई, जपा. तवापासनं माझा जीव त्यांच्या खोकल्याला टांगलेला. सासूबाई मनू पोटात असताना गेल्या, माझी आई तिकडं लांब गावी, म्हंजे मला हितं आई म्हणा, बाप म्हणा, ते तात्याच. बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच वळून घातले. गूळ करपला ते त्यांना कळलंच न्हाई, आन् मी ते करपट लाडू महिनाभर गपगुमान खाल्ले, कारण सांगायचं कसं.

ह्यांचं नाक निम्मं गेलेलं, आन् चार-पाच वर्षांत माझं बी तसंच झालं, अगदी कडक वास असला तरच कळायचा. त्यामुळं मनू बोलायला लागली तशी ती घराचं नाकच झाली. मने, दूध बघ गं. मने, डाळ लागली का गं. गॅस सुटलाय का बघ. तात्यांचा सदरा धुवायला टाकू का अजून एक दिवस चालंल. ती आपली कुत्र्याच्या पिल्लागत नाक वर करायची आन् न्यायाधीशासारखा निकाल द्यायची. बोळातल्या चार घरांत काय शिजतंय ते तिला ठाव असायचं, खालच्या सेल्वी अक्काकडं सुके मासे, समोरच्या मारवाड्याकडं हिंगाची फोडणी. तात्या तिला मांडीवर घिऊन हे सगळं विचारायचे आन् डोळे मिटून ऐकायचे, रेडिओ ऐकल्यासारखे. एका ताटात जेवायचे दोघं, एका वाकळंवर झोपायचे. आन् सगळ्यात मोठं काम म्हंजे धूर. करंट गेला की पंखा थांबायचा, ॲसिडाचा धूर जिन्यानं वर यायला लागायचा, तवा पहिली मनू वरडायची, धूर! आन् पळत जाऊन जिन्याचं दार लावायची. आम्हाला तो वास कळायच्या आधी तिला कळायचा.

आता ती माझ्या खांद्याला लागती, आन् मी नववीत शाळा सोडलेली बाई तिच्याच जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर हे लिहितीया. लग्न झालं, लेकरू झालं की बाई मोठी होती असं म्हणतात. मी न्हाई झाले. मी तवा बी भित्रीच पोर हुते, डोक्यावर पदर घेतलेली. मोठी झाले ती त्या दिवसांत, आन् भीत भीतच झाले.

शाळा दोन बोळं सोडून हुती, जुनी, उंच जाळ्यांची, तमिळ आन् इंग्रजीवाली. रोगानं शाळा बंद पडलेल्या, त्या उघडल्या तवा मनू सरळ पहिलीत जाऊन बसली, त्याआधी शाळा म्हंजे तिला फक्त मोबाईल ठाव. मला पाठवायचं नव्हतं. मी ह्यांना म्हणलं, अजून एक वर्ष ऱ्हाऊ दे, घरी तात्या हायेत. हे म्हणले, मंग तुझ्यासारखीच ऱ्हाईल. ते मला लागलं, म्हणून पाठवली. पहिल्या दिवशी दारात मी तिचा हात सोडंना आन् ती माझा सोडंना, तवा आतनं एक सावळ्या, बारीक टीचर आल्या, केसांत मोगरा, तोंडाला दोन-दोन मास्क. मी मनूला म्हणत हुते, जा की गं बाळा. त्या ऐकून थांबल्या आन् मराठीतच बोलल्या. पण कसली मराठी, देवा, पोथीतली म्हणावी तर चाल सगळी तमिळ. त्या तंजावरकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच राहिलेल्या मराठी घरातल्या. पद्मा टीचर. “भिऊं नको गे,” त्या मला म्हणल्या, मनूला न्हाई. “लेंकुरां सांगातीं मी अहें कीं.” मला हसू आलं आन् रडू बी आलं. ह्या शहरात एवढी वर्षं, कुणी परक्या बाईनं मला माझ्या भाषेत भिऊ नको म्हणल्याचं ते पहिलंच.

आन् भ्यायला तर रोज नवं कारण. शाळेत नियम लई हुते, डबा वाटून खायचा न्हाई, लांब लांब बसायचं, मास्क काढायचा न्हाई. पण पहिलीतली पोरं ती. मनू सकाळी माझ्या हातनं शिवलेला निळा मास्क घालून जायची आन् दुपारी कुणाचा तरी फुलपाखराचा मास्क घालून यायची. विचारलं तर म्हणायची, आज त्याची पाळी हुती. म्हंजे फुलपाखराचा मास्क वर्गात फिरायचा, ज्याची पाळी त्याच्या तोंडाला. तिची शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी दुसऱ्याच कुणाच्या पोटात जायची आन् ही लिंबूभात खाऊन यायची. मी तिला जिन्यातच उभी करायचे, कपडे काढून बादलीत बुडवायचे, हातपाय साबणानं खसाखसा घासायचे, ती वरडायची, तात्या वरनं म्हणायचे, सोलून काढतीस का काय लेकराला. मी म्हणायचे, तुम्ही गप बसा. सासऱ्याला गप बसा म्हणणारी सून मी कधीच नव्हते, पण भीतीनं तोंड सुटतं.

मंग एक दिवस शाळेतल्या गाण्याच्या टीचर यायच्या बंद झाल्या. मंग मोठ्या वर्गातली पोरं घरी ऱ्हायला लागली, एक एक करून. मंग मनू येऊन म्हणली, आज पद्मा टीचर आल्या न्हाईत, आम्हाला खेळायला सोडलं. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर शाळेचा निरोप आला, सगळा तमिळमधनं लिहिलेला. मला तमिळ बोलता येतं, वाचता न्हाई. सेल्वी अक्का खाली इडलीचं पीठ विकायची, तिच्याकडं गेले. तिनं वाचलं आन् पिठाचा हात पदराला पुसत राहिली. पहिलीच्या टीचरला कोरोना निघालाय, दवाखान्यात ठेवलंय, वर्ग बंद, आन् वर्गातल्या सगळ्या पोरांना दोन दिवसांत शाळेतच तपासायला आणा, कार्पोरेशनची माणसं येणार हायेत.

हे ऐकल्यावर बापूशेठ भट्टीजवळनं उठून जिन्यात आले. वाईट माणूस नव्हता, माझ्या बाळंतपणात त्यांनीच गाडी आणली हुती. पण ते म्हणले, न्यायची न्हाई पोरीला. त्यांचं भ्या वेगळंच. आमच्या धंद्यात झाडलेली धूळ कुणी टाकत न्हाई. हात धुतलेलं पाणी, पुसायचं फडकं, पायपुसणं, सगळ्यात सोन्याचा कण असतो, ते साठवून ठेवतात आन् वर्षाकाठी जाळून, गाळून काढतात. पहिल्या वेळी रोग आला तवा पलीकडच्या बोळात एका दुकानाला पत्रे ठोकले हुते आन् फवारणारी माणसं आत शिरून नळीनं फरशी धुऊन गेलती. त्या दुकानदाराची सगळी धूळ गटारात गेली आन् तो गावाकडं गेला तो परत आलाच न्हाई. बापूशेठनी ते डोळ्यांनी बघितलेलं. म्हणले, पोरगी उड्या मारतीया, उगं नाकात काड्या कशाला घालून घ्यायच्या. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे जमिनीकडं बघत हुते. म्हणले, शेठ म्हणतात तसं करू.

मनू खोकत हुती. थोडंसंच, कालपासनं. पण आमच्यात खोकल्याला कोण भितंय. भट्टीचा खोकला म्हणायचं, हळद-गूळ द्यायचा. तात्या खोकायचे, हे खोकायचे, शेठ खोकायचे, आमच्या बोळातला भिकारी बी खोकायचा. दुसऱ्या कुठल्या बी घरात पोर खोकली असती तर आई हादरली असती, आमच्या घरात मीच मला समजावलं, भट्टीचा असंल. ताप न्हाई. खातीया, पितीया. आन् तात्यांच्या ताटात जेवतीया. तिला उठवावं का तिथनं? उठवलं तर तात्या विचारतील का, आन् मी काय सांगू. मी भाकरी थापत थापत बघत राहिले, ती घास मोडून त्यांच्या तोंडात घालत हुती.

त्याच दुपारी फोन आला. नंबर अनोळखी. पलीकडं नुसताच श्वास, मला वाटलं कुणी टवाळ हाये. मंग आवाज आला, पद्मा टीचरचा, पण फाटका, एक शब्द झाला की थांबायचा. दवाखान्यातनं त्या एकेका पोराच्या घरी फोन लावत हुत्या. म्हणल्या, “लेंकरूं... बरें अहे कां?” मी म्हणलं, बरं हाये टीचर. त्या म्हणल्या, “तपासा. घरीं... म्हातारीं माणसें... अहेत कीं.” मंग मागं नुसतं कसलं तरी यंत्र वाजत हुतं, आन् फोन बंद झाला. मी तो मोबाईल हातात धरून बसले. मला भिऊ नको म्हणणारी बाईच आता अशी श्वास मोजून बोलत हुती.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर धुणं वाळत घालत हुते. ऊन नुसतं भाजत हुतं. आन् एकदम शांत झालं. करंट गेला. मी दचकले, मंग कान दिऊन थांबले, आता मनू वरडंल, धूर, आन् दार आपटंल. काही आवाज न्हाई. मला वाटलं दार आधीच लावलं असंल. एक साडी पिळायची राहिलेली, ती पिळली, दोरीवर टाकली, कोपरे ओढले. ती साडी आजबी माझ्याकडं हाये, मी नेसत न्हाई. मंग खाली आले तर खोलीच्या दारातनं पिवळट धूर आत चाललेला. तात्या खाटंवर वाकडे झालेले, एक हात भिंतीला, तोंड उघडं, आन् खोकला बी येत नव्हता, नुसतंच काहीतरी आत ओढत हुते आन् ते जात नव्हतं. आन् मनू त्यांच्या पायाशी फरशीवर बसून चित्र रंगवत हुती. डोळ्यांतनं पाणी गळत हुतं, ते मनगटानं पुसायची आन् परत रंगवायची. मला बी वास आला, माझ्या मेलेल्या नाकाला बी आला. मी म्हणलं, मने, धूर. तिनं वर बघितलं आन् म्हणली, “कुठाय?”

मी दोघांना गच्चीवर कसं नेलं मला आठवत न्हाई. तात्यांना काखेत धरलं, मनूला ढकललं, एवढंच. वर वाऱ्याला बसवलं, पाणी दिलं, लई वेळानं तात्यांचा श्वास जाग्यावर आला, तोंड काळंनिळं झालेलं त्यात रंग आला. मंग मी परत खाली पळाले आन् डबे आणले. हिंग, कॉफीची पूड, खोबरेल तेल, तात्यांची तंबाखूची पुडी. मनूला म्हणलं, डोळे मीट, खेळ खेळू. हिंग नाकाशी धरला. हिंग तिला कधी आवडायचा न्हाई, तोंड फिरवायची. ती म्हणली, पाणी हाये. कॉफी धरली, म्हणली, परत पाणी. मी पूड तशीच नाकाशी धरून ठेवली, त्यावरनं चुकलं हे तिला कळलं असंल, कारण मंग ती मला बरं वाटावं म्हणून काही बी सांगायला लागली. सांबार? फूल? आई, साबण हाये का? डोळे घट्ट मिटलेले आन् चेहरा असा, की परीक्षेत नापास व्हायला लागलीया. मी डबे खाली ठेवले. माझ्या पोरीला झालाय. आन् ती काल तात्यांच्या ताटात जेवली, रात्री त्यांच्या कुशीत झोपली, आन् त्यांची छाती अर्धी.

मी तिला ओढून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तात्यांनी ते बघितलं. त्यांना सांगायची गरजच पडली न्हाई. एवढ्या वर्षांत मनूचा धूर कधी हुकला नव्हता, आन् ह्या रोगात वास जातो हे बातम्यांत सगळेच सांगत हुते. ते दम खात खात म्हणले, “शोभा, शाळंत तपासतात असं जिन्यात बोलत हुता, ते आजच हाये का?”

मी म्हणलं, “आज शेवटचा दिवस. पण शेठ नको म्हणतात. दुकान धुतील म्हणतात.”

“बाप्याला म्हणावं दुकान झाडून घे. दसऱ्याला झाडतोस तसं, कोपरं-कोपरं, हातानं. पोतीत भर, पोती बांधून गच्चीवर टाक. मंग कुणी नळी मारूंदे न्हाईतर गंगा आणूंदे. चौघंजण लागले तर संध्याकाळच्या आत होतंय. एवढं डोकं न्हाई चाललं व्हय त्याचं?”

“आन् तुम्ही?”

“मला काय. मी गच्चीवर ऱ्हातो पत्र्याखाली. हवा बरी हाये.” मंग म्हणले, “माझ्यापायी लपवली आन् तिला काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू. जा तू. कुणाला इचारायला थांबू नगं.”

मी कुणाला विचारलं न्हाई. मनूला मास्क लावला, माझा पदर तोंडाला गुंडाळला आन् जिना उतरले. दुकानात हे उभे हुते, हातात मेणबत्ती. मी म्हणलं, तपासायला चाललीया, वर तात्यांकडं बघा, आन् शेठना म्हणावं दुकान झाडून घ्या, पोती गच्चीवर टाका. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते बाजूला झाले.

शाळेच्या पटांगणात खडूनं गोल आखलेले, एकेका गोलात एकेक पोर आन् त्याची आई. काही बाप. त्यातली निम्मी तोंडं मी रोज शाळेच्या दारात बघायचे, आज सगळ्यांच्या डोळ्यांत एकच, माझ्याकडं येऊ नको. पुढचं पोर वरडायला लागलं की मागची सगळी पोरं आईच्या मागं लपायची. एक बाई आपला गोल सोडून पोराला काखोटीला मारून पळाली, शिपाई हाका मारत मागं. मला बी पळावंसं वाटलं. पाय वळले बी हुते. मनूनं विचारलं, पद्मा टीचर कुठं हायेत, त्यांना बी काडी घातली का? मी म्हणलं, हो, त्या रडल्या न्हाईत. मंग ती बी रडली न्हाई. नर्सला मी तमिळमधनं सांगितलं, हिला वास येत न्हाई, घरी म्हातारं माणूस हाये, अर्ध्या छातीचं. ते सांगताना माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

निकाल मोबाईलवर आला, परत तमिळमधनं. मी सेल्वी अक्काच्या दारासमोर लांब उभी राहिले आन् मोबाईल फरशीवर ठेवून मागं सरले. तिनं वाकून वाचलं. “इरुक्कु, कण्णू,” म्हणली. हाये, बाळा. आन् ती दोन पावलं मागं गेली. मला राग आला न्हाई, मी बी गेले असते. संध्याकाळी तिनं आमच्या खिडकीखाली येऊन हाक मारली, मी दोरीला पिशवी बांधून सोडली, तिनं त्यात इडल्या घातल्या. मंग रोजच घालायची.

तोवर दुकान झाडून झालं हुतं. बापूशेठ स्वतः गुडघ्यावर बसून फटीतली धूळ ब्रशनं काढत हुते असं हे म्हणले. फवारणारी माणसं आली, पण ती जिन्यात फवारून गेली, दुकानात बघितलंसुद्धा न्हाई. मंग खोलीत मी आन् मनू, हे खाली दुकानात, आन् तात्या वर पत्र्याखाली. सरकारी दवाखान्यातनं येऊन तात्यांच्या बी नाकात काडी घालून गेले, त्यात काही निघालं न्हाई, पण ते म्हणले आज न्हाई म्हंजे उद्या न्हाई असं नसतं, लक्ष ठेवा. लक्ष कशावर ठेवायचं? ताप न्हाई. नाक तर आधीच मेलेलं. राहिला खोकला, आन् तो तर त्यांना जन्माचा. मी खालनं तो खोकला ऐकत बसायचे. ताट वाढताना, मनूचं डोकं चेपताना, माझा एक कान वरच. हा भट्टीचा. हा बी भट्टीचा. हा जरा कोरडा वाटला. आता का थांबले? लई वेळ खोकलेच न्हाईत, का थांबले? मी दारातनं हाक मारायचे, तात्या! ते म्हणायचे, हाये अजून. एकदा उत्तर आलंच न्हाई, मी तशीच अनवाणी तापलेल्या गच्चीवर पळाले, तर झोपले हुते, तोंड उघडं टाकून. मी लांबनं पोट वर-खाली होतंय का बघत राहिले, पाय भाजले ते खाली आल्यावर कळलं.

मनूला दोन दिवस ताप आला आन् गेला. लेकरांना तसंच व्हायचं म्हणे. पण तिला कोंडून ठेवणं तापापेक्षा अवघड. एका दुपारी माझा डोळा लागला आन् ती दार उघडून जिन्यानं वर निघाली, तात्यांना चित्र दाखवायला. खालनं बापूशेठनी बघितलं आन् ते वरडले, “धरा त्या पोरीला! तिचा श्वास गेला म्हाताऱ्याच्या अंगावर तर मरंल तो!” मी उठून पळत आले तर ती जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी, चित्र छातीशी धरून, वर बी जाईना, खाली बी येईना. मी उचलून आत आणली. ती चित्र खाली ठेवून परत रंगवायला बसली. मला वाटलं शेठचं बोलणं विसरली.

पद्मा टीचर वाचल्या, हे हितंच सांगते. पण शाळेत परत आल्या न्हाईत, मुलीकडं तंजावरला गेल्या. गाण्याच्या टीचरचं काय झालं ते शाळेनं कधी नीट सांगितलंच न्हाई, नुसता त्यांचा फोटो हार घालून लावलेला एकदा दारातनं दिसला. मी मनूला दुसऱ्या बाजूला बघायला लावलं.

आमच्या घरी डॉक्टरनं सांगितलेले दिवस भरले, तात्यांची परत काडी झाली, परत काही निघालं न्हाई. ते खाली आले त्या दिवशी मी पिठलं-भाकरी केली. तात्या भिंतीला टेकून बसले, लई वाळलेले, आन् मनूला म्हणले, ये. ती गेली, शेजारी बसली, पण मांडीवर न्हाई. मी शेगडीकडं तोंड करून भाकरी थापत हुते. जरा वेळानं मागं बघितलं तर मनूचं तोंड लालभडक झालेलं, डोळे बाहेर आलेले, गालाच्या शिरा ताठ. माझ्या हातातली भाकरी पडली. मी झडप घालून तिला धरलं, पाठीवर थापट्या मारायला लागले, मने, मने, श्वास घे, काय होतंय. मला वाटलं झालं, आता छातीत उतरला, आता गेली माझी पोर. तर तिनं माझा हात झटकला आन् पळत जिन्यात गेली. तिथं उभी राहून मोठमोठ्यानं श्वास घेतला, दोन-तीनदा, मंग गाल फुगवून, तोंड घट्ट मिटून परत आली आन् तात्यांच्या शेजारी बसली.

मला कळायला वेळ लागला. तात्यांना आधी कळलं. ते तिच्याकडं बघत राहिले. मी म्हणायला गेले, अगं तसं नसतं आता, तू बरी झालीयास, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं.

“असं व्हय,” ते तिला म्हणले. “मी बी धरतो. बघू कोण जास्त धरतंय.”

आन् त्यांनी खरंच गाल फुगवले. मिशा ताठ झाल्या, डोळे वटारले. अर्ध्या छातीचं माणूस ते, तीन आकडे मोजायच्या आत फुसकन् हवा सुटली, मंग खोकला, मंग तोंडातनं शिट्टीसारखा आवाज. मनूनं बघितलं. तिनं ओठ आवळले, नाक दाबलं, खांदे हलायला लागले, आन् तिला राहवलंच न्हाई. ती हसली, मोठ्यानं, खदाखदा, बरोब्बर त्यांच्या तोंडावर, थुंकी उडाली त्यांच्या गालावर. मी पीठ लागलेले हात पुढं केले, तिला मागं ओढायला. तात्यांनी गाल पुसला न्हाई. माझ्याकडं न बघताच म्हणले, “ऱ्हाऊ दे.”

मी हात मागं घेतले. लगेच न्हाई जमलं, पण घेतले.